बिघडलेली नोंदवही फेकू नका



काही वर्षांपूर्वी तंजावर शहरातल्या एका निवासी प्रशिक्षण केंद्रात मी संगणक कक्ष सांभाळत होतो. नोव्हेंबर महिना होता. महाराष्ट्रात या दिवसांत थंडीची चाहूल लागते, तंजावरला मात्र तेव्हा ईशान्य मोसमी पावसाचा जोर असतो. एका रात्री विजा कडाडल्या, दिवे गेले आणि व्हरांड्यातून शिपायाची हाक आली, "करंट पोच्चु!" म्हणजे वीज गेली. तिकडे हे नेहमीचेच असल्यामुळे कोणी फारसे लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडबड उडाली. आंतर-हाऊस स्पर्धांच्या गुणांची फाइल कार्यालयातल्या लिनक्स संगणकावर होती. ती उघडेना. आदल्या संध्याकाळी त्या संगणकावर शेवटचे काम एका छात्राने केले होते आणि त्याचे हाऊस गुणांत मागे होते. एवढ्यावरून तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले त्याने फाइल खोडली, कोणी म्हणाले प्लग ओढला. मुलगा रडवेला होऊन सांगत होता, "सर, मी काम संपवून लॉग आउट करून गेलो होतो."

खरे-खोटे ठरवायला साक्षीदार एकच होता, तो म्हणजे संगणकाची स्वतःची नोंदवही. आणि नेमकी तीच बिघडली होती. संगणक सुरू होताना पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली होती. तिचा अर्थ असा: जर्नलची फाइल बिघडली आहे किंवा नीट बंद झालेली नाही, तिचे नाव बदलून नवी फाइल घेत आहे. आमचा साहाय्यक उत्साहाने म्हणाला, "सर, ही खराब फाइल उडवून टाकू का? नवी तर आपोआप तयार झालीच आहे."

मी त्याचा हात धरला. त्या वेळी काय केले, का केले आणि तुमच्यावर अशी वेळ आली तर काय करावे, ते या लेखात सांगतो. आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टंकायच्या असतात.

नोंदवही म्हणजे काय?

आपल्या मुख्य फाटकावरचे रजिस्टर तुम्ही रोज पाहता. कोण आले, किती वाजता आले, कोणाच्या परवानगीने बाहेर गेले, हे सारे पहारेकरी लिहून ठेवतो. लिनक्स संगणकातही असा पहारेकरी असतो. कोणी लॉग इन केले, कोणता प्रोग्रॅम सुरू झाला, डिस्कने काय तक्रार केली, हे तो वेळेसह लिहितो. त्या नोंदींना लॉग म्हणतात.

असे पहारेकरी दोन पिढ्यांचे आहेत. जुना 'सिसलॉग'. एरिक ऑलमन यांनी १९८० च्या दशकात तो लिहिला. त्याच्या नोंदी साध्या मजकुरात असतात आणि त्या '/व्हार/लॉग' या फोल्डरमध्ये सापडतात. नवा 'जर्नल'. तो 'सिस्टिमडी' या यंत्रणेचा भाग म्हणून २०११ मध्ये पुढे आला. त्याच्या फाइली द्विमान स्वरूपात असतात. त्या थेट वाचता येत नाहीत, 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने वाचाव्या लागतात. आज अनेक लिनक्स संगणकांवर दोघेही शेजारी-शेजारी काम करतात.

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली सी-डॅकच्या चेन्नई केंद्रात तयार झाली. संरक्षण मंत्रालयाने आपल्या संगणकांसाठी उबंटू लिनक्सवर आधारलेली 'माया' ही प्रणाली आणल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. म्हणजे उद्या तुम्ही ज्या कार्यालयात किंवा तळावर जाल तिथे लिनक्सची गाठ पडण्याचा संभव बराच आहे.

खरेच बिघडली आहे का?

नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. फाइल उघडली, चित्रविचित्र अक्षरे दिसली की तो म्हणतो, बिघडली! पण जर्नलच्या फाइली मुळातच द्विमान असतात. लॉग इनची नोंद ठेवणारी 'डब्ल्यूटीएमपी' ही फाइलही तशीच असते आणि ती 'लास्ट' या आज्ञेने वाचायची असते. शेवटी 'जीझेड' असलेल्या जुन्या लॉग फाइली दाबून लहान केलेल्या असतात. त्या साध्या संपादकात उघडल्या तर कचराच दिसणार. मोडी न येणाऱ्याने मोडी कागदाला गिचमिड म्हणावे, तसाच हा प्रकार आहे.

दुसरा गैरसमज 'नोंदी गायब झाल्या' हा. '/व्हार/लॉग/जर्नल' हा फोल्डरच नसेल, तर जर्नलच्या नोंदी बहुधा तात्पुरत्या स्मृतीत राहतात आणि संगणक बंद होताच पुसल्या जातात. तिथे बिघाड काहीच नसतो, कायमची वही दिलेलीच नसते.

तिसरी गोष्ट त्या इंग्रजी ओळीतल्या 'किंवा' या शब्दाची. प्रत्येक जर्नल फाइलच्या माथ्यावर तिची अवस्था लिहिलेली असते. लेखन चालू असताना 'चालू' आणि व्यवस्थित बंद केल्यावर 'बंद'. वीज अचानक गेली की 'बंद' लिहायला सवड मिळत नाही. पुढच्या वेळी संगणक सुरू होताना 'चालू' अशी खूण असलेली जुनी फाइल सापडते. पहारा बदलताना मागच्या पहारेकऱ्याची सही नसलेले रजिस्टर सापडावे, तसे हे आहे. नवा पहारेकरी त्यात पुढे लिहीत नाही. जुने रजिस्टर बाजूला ठेवतो आणि नवे उघडतो. बाजूला ठेवलेल्या फाइलच्या नावापुढे '~' अशी लाटेसारखी खूण लागते. सही नाही म्हणून आतला सगळा मजकूर खोटा ठरत नाही. बहुतेक वेळा तो शाबूत असतो.

पहिला नियम: आधी जपा

म्हणून पहिले काम दुरुस्तीचे नाही, जपण्याचे आहे. संपूर्ण '/व्हार/लॉग' फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. 'सीपी -ए' ही आज्ञा वापरली तर फाइलींच्या मूळ तारखा आणि मालकी जशीच्या तशी राहते. मग 'शा२५६सम' या आज्ञेने प्रत्येक फाइलचा ठसा काढून कागदावर उतरवून ठेवा. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी हा ठसा बदलतो, त्यामुळे पुढे कोणी शंका घेतली तर प्रत मूळचीच आहे हे दाखवता येते.

डिस्कच आजारी असल्याचा संशय असेल तर तो संगणक पुन्हा पुन्हा सुरू करू नका. पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करा आणि 'डीडीरेस्क्यू' या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रतिमा घ्या. हे साधन वाचता येणारा भाग आधी उचलते आणि अडणारा भाग शेवटी पुन्हा तपासते. मरणासन्न डिस्ककडून शक्य तितके मिळवण्याचा हाच मार्ग. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करायचे, मूळ डिस्कवर नाही.

मग वाचा

'जर्नलसीटीएल --व्हेरिफाय' ही आज्ञा प्रत्येक फाइल तपासून उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा निकाल देते. ज्या फाइलीत लेखन चालू आहे तिच्याबाबत हा निकाल फसवा येऊ शकतो, म्हणून आधी 'जर्नलसीटीएल --रोटेट' देऊन नवी फाइल सुरू करावी. अनुत्तीर्ण फाइलही 'जर्नलसीटीएल --फाइल' या पर्यायापुढे तिचा पत्ता देऊन वाचून पाहावी. जिथवर नोंदी धड आहेत तिथवर त्या दिसतात. मागच्या वेळी संगणक सुरू होता तेव्हाच्या नोंदी 'जर्नलसीटीएल -बी -१' ने मिळतात.

साध्या मजकुराच्या लॉगमध्ये वीज गेल्यावर '^@' अशा खुणांची रांग दिसते. फाइलची लांबी वाढल्याची नोंद डिस्कवर झाली, पण मजकूर पोचायच्या आत वीज गेली, म्हणून ती जागा शून्यांनी भरलेली दिसते. अशा फाइलीत 'ग्रेप' ने शोध घेतला तर ती द्विमान असल्याचे सांगून तो ओळी दाखवत नाही. 'ग्रेप -ए' दिले की मजकूर समजून शोधतो. हा छोटा '-ए' माहीत नसल्याने लोक चांगल्या नोंदींवर पाणी सोडतात.

वाचण्याआधी घड्याळ मात्र तपासायला विसरू नका. मदरबोर्डवरची बटण-बॅटरी संपली असेल तर संगणक भलतीच तारीख धरतो आणि नोंदींचा क्रम उलटसुलट दिसतो. तो बिघाड फाइलचा नसतो, घड्याळाचा असतो.

मग कारण शोधा

कारणे बहुधा पुढीलपैकी असतात. याच क्रमाने तपासावीत.

१. वीज. मागचे सत्र व्यवस्थित बंद झाले होते का? शेवटच्या नोंदींत बंद होण्याची तयारी दिसत नसेल आणि नोंदी मध्येच तुटल्या असतील तर वीज गेली किंवा यंत्र गोठले.

२. जागा. 'डीएफ -एच' ने डिस्कवरची मोकळी जागा पाहा. 'डीएफ -आय' ने फाइलींची संख्या मर्यादेला पोचली आहे का तेही पाहा. जागा संपली की नोंद अर्धवट राहते. इथे एक खुबी लक्षात ठेवा: प्रोग्रॅमने उघडी ठेवलेली लॉग फाइल खोडली तरी तो प्रोग्रॅम ती सोडेपर्यंत जागा मोकळी होत नाही.

३. डिस्क. कर्नलच्या नोंदी 'जर्नलसीटीएल -के' ने पाहा. त्यांत वाचन-लेखनाच्या चुका आणि सेक्टरचे आकडे दिसले तर 'स्मार्टसीटीएल -ए' ने डिस्कची प्रकृती तपासा. बदललेल्या आणि प्रलंबित सेक्टरांचे आकडे वाढत असतील तर डिस्क निवृत्तीला आली आहे.

४. फाइल प्रणाली. 'एफएससीके' ने तपासणी करता येते, पण ते विभाजन वापरात नसतानाच. चालू विभाजनावर ही आज्ञा चालवणे म्हणजे धावत्या गाडीचे चाक बदलणे.

५. मेमरी. वेगवेगळ्या फाइली कारण नसताना बिघडत असतील तर 'मेमटेस्ट' रात्रभर चालवून पाहा.

६. माणूस. वरचे सगळे निरोगी निघाले, मधल्याच नोंदी नेमक्या गायब असल्या, तरच हा संशय घ्यावा. हा क्रमांक शेवटचा आहे, आणि आपण मात्र बहुतेकदा तिथूनच सुरुवात करतो.

त्या रात्रीचे उत्तर

आता त्या मुलाकडे परत येऊ. आम्ही डिस्कची प्रतिमा घेतली आणि '~' खूण असलेली फाइल वाचली. 'लास्ट' च्या यादीत त्या छात्राचे सत्र ७ वाजून ५ मिनिटांनी सुरू होऊन ८ वाजून १२ मिनिटांनी बंद झालेले दिसले. जे सत्र अचानक तुटते त्याच्यापुढे 'क्रॅश' असा शब्द येतो. त्याच्या नावापुढे तो नव्हता. म्हणजे त्याने प्लग ओढला नव्हता, तो रीतसर लॉग आउट करून गेला होता. त्याच्यानंतर कोणीही लॉग इन केले नव्हते.

जर्नलमधली शेवटची नोंद ८ वाजून ४३ मिनिटांची होती. मग वीज गेली कधी? ते सांगायला संगणक उरला नव्हता. ते सांगितले फाटकावरच्या कागदी रजिस्टरने. पहारेकऱ्याने आपल्या हाताने लिहिले होते: ८.४७ वीज गेली, ९.२० आली. मधल्या चार मिनिटांचे कोडे पडण्याचे कारण नव्हते. जर्नल नेहमीच्या नोंदी डिस्कवर पक्क्या करण्यासाठी सर्वसाधारणपणे पाच मिनिटांपर्यंत थांबते. फक्त अतिगंभीर नोंदी तत्काळ पक्क्या करते. त्यामुळे शेवटच्या काही मिनिटांचा मजकूर हरवणे अपेक्षितच होते.

आणि खरा गुन्हेगार? कर्नलच्या नोंदींत तीन दिवस आधीपासून डिस्कच्या वाचन-लेखनाच्या चुका दिसत होत्या. 'स्मार्टसीटीएल' ने प्रलंबित सेक्टर दाखवले. गुणांची फाइल त्याच आजारी भागात सापडली होती. डिस्क मरायला टेकली होती, वीज जाण्याने शेवटचा धक्का दिला, एवढेच. यूपीएस होता, पण त्याची बॅटरी केव्हाच निकामी झाली होती आणि ती तपासायची जबाबदारी माझी होती. डिस्कच्या तक्रारीही तीन दिवस माझ्यासमोर लिहिलेल्या होत्या. मी त्या वाचल्या नव्हत्या.

साहाय्यकाने ती '~' खुणेची फाइल सकाळीच उडवली असती, तर चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती. मी त्या मुलाची सगळ्यांसमोर क्षमा मागितली. फाइलचा बराच भाग प्रतिमेतून मिळाला, उरलेले गुण पंचांच्या चिठ्ठ्यांवरून पुन्हा भरले. ते भरायला तोच मुलगा बसला.

दुरुस्ती कशी करावी?

दुरुस्तीचे काम थोडकेच असते. बिघडलेली जर्नल फाइल सांधून पूर्ववत करणारे साधन मिळत नाही. ती वाचता येईल तेवढी वाचायची, प्रत सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावरच मूळ जागेवरून हलवायची. जागा हवी असेल तर 'जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-टाइम' ने ठरावीक काळापूर्वीच्या जुन्या फाइली काढता येतात. मजकुराच्या लॉगमधली शून्ये 'टीआर' या आज्ञेने काढून स्वच्छ प्रत वेगळ्या नावाने ठेवावी, मूळ फाइल तशीच राहू द्यावी. दाबलेली 'जीझेड' फाइल मध्येच तुटली असेल तर 'झेडकॅट' तुटलेल्या जागेपर्यंतचा मजकूर बाहेर काढतो. आणि आजारी डिस्क बदलल्याशिवाय यांतले काहीच टिकत नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून

तंजावरच्या लोकांना विजेचा भरवसा किती धरावा हे सांगावे लागत नाही. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी मध्यरात्रीनंतर गज चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात हजारो विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. म्हणून यूपीएस हवाच, आणि त्याची बॅटरी ठरल्या तारखेला तपासायलाच हवी.

दुसरे, नोंदी दोन ठिकाणी ठेवा. 'आरसिसलॉग' ने एका संगणकाच्या नोंदी त्याच क्षणी दुसऱ्या संगणकाकडे पाठवता येतात. एकाची डिस्क गेली तरी दुसरा साक्षीदार उरतो. आमच्या प्रसंगात ते काम फाटकावरच्या रजिस्टरने केले, पण दर वेळी नशीब साथ देईलच असे नाही.

तिसरे, घड्याळे जुळवा. देशाच्या संगणक सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या प्रणालींचे लॉग चालू ठेवून १८० दिवसांचे जपायचे आहेत. घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आहेत. तेव्हा लॉग जपणे ही आवडीनिवडीची गोष्ट उरलेली नाही.

चौथे, मोहोर लावा. जर्नलमध्ये ठरावीक अंतराने नोंदींवर मोहोर उमटवण्याची सोय आहे. तिची तपासणीची किल्ली संगणकाबाहेर ठेवायची असते. मोहोर उमटल्यानंतर कोणी मागच्या नोंदींत फेरफार केला तर पडताळणीत तो उघडा पडतो. लाखबंद लखोट्यासारखेच हे आहे.

पाचवे, आणि सर्वांत स्वस्त: नोंदी वाचा. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे. न वाचलेली नोंदवही बिघडलेल्या नोंदवहीपेक्षा फारशी बरी नसते, हे मी अनुभवाने सांगतो.

तंजावरची शिकवण

रजेच्या दिवशी मी कधी कधी बृहदीश्वराच्या मंदिरात जात असे. तिथल्या भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेने १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा मराठी इतिहास आहे. दगडावरची ती नोंद ऊन-पावसाला पुरून उरली. पण राज्याचा रोजचा कारभार दगडावर लिहिता येत नाही. तो मोडी लिपीत कागदावर लिहिला गेला आणि त्या कागदांची बाडे सरस्वती महाल ग्रंथालयात जपली आहेत. तंजावरचे राज्य १८५५ मध्ये संपले, दफ्तर मात्र उरले.

अशा जुन्या कागदाला कसरीने भोक पाडले तर जाणता अभ्यासक त्यात आपल्या मनाने शब्द भरत नाही. मूळ कागद तसाच ठेवून आपल्या प्रतीत तेवढी जागा रिकामी सोडतो. जे गेले ते गेले असे दाखवतो आणि जे उरले ते जसेच्या तसे उतरवतो.

त्या मुलाच्या प्रकरणाचा अहवाल लिहिताना मी तेच केले. शेवटी एक ओळ लिहिली: ८.४३ ते ८.४७ या वेळेतल्या संगणकाच्या नोंदी उपलब्ध नाहीत. त्या चार मिनिटांची जागा मी तर्काने भरली नाही. अहवाल वाचून वरिष्ठांनी विचारले, "ही ओळ कशाला? प्रकरण तर मिटले." मी म्हणालो, "साहेब, ही ओळ आहे म्हणूनच बाकीच्या ओळींवर विश्वास ठेवता येतो."